चार नद्या, चार ढाली: इंदूरच्या सुट्टी शिबिराच्या प्रकल्प नोंदी

५ मे. आखणी

गट चार, प्रत्येकात आठ मुले, वय ९ ते १२. गटांची नावे माळव्यातल्या आणि आसपासच्या नद्यांची: रेवा (म्हणजे नर्मदा), क्षिप्रा, चंबळ, कान्ह. एका गटाची एक पुठ्ठ्याची ढाल. मांडणी ३१ मेला, अहिल्याबाईंच्या जयंतीच्या दिवशी.

‘ढाल’ म्हटल्यावर बहुतेक मुलांनी खाली टोक असलेली, लाकडावर पत्रा ठोकलेली आकृती काढली. ती शाळेच्या स्पर्धांतली फिरती ढाल. मराठा शिपायाची ढाल गोल. शिवाय मराठीत ढाल म्हणजे मोठे निशाणही. ढालगज तो निशाणाचा हत्ती. गटाची ढाल या दुसऱ्या अर्थाच्या जास्त जवळची आहे, पण आकार पहिल्या अर्थाचा घेतला. गोल.

जुन्या चामड्याच्या ढालीवर समोरून चार फुले दिसतात. ती शोभेची वाटतात, पण आतल्या बाजूच्या मुठींच्या कड्या ज्या चार जागी ठोकून बसवलेल्या असतात, बरोबर त्याच जागी फुले असतात. आमचे मोजमाप या चार बिंदूंपासून सुरू केले. चित्रे नंतर.

ठरलेली मापे, सपाट चकतीवर, मध्यापासून:
मधला सूर्य ७.५ सेंमीपर्यंत. सपाट भाग १४ सेंमीपर्यंत. चित्रांच्या पाकळ्या २६ सेंमीपर्यंत. काठ ३० सेंमीपर्यंत.
आठ पाकळ्या, प्रत्येकी ४५ अंश. मुठीचे पट्टे धरणारे चार बोल्ट १६ सेंमी बाजूच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर, म्हणजे मध्यापासून ११.३ सेंमीवर, आणि पाकळ्यांमधल्या एकाआड एक रेषांवर. त्यामुळे आठही पाकळ्यांचा एक-एक कोपराच फुलाखाली जातो, कुणाचेही चित्र मधोमध झाकले जात नाही. कुणाचे चित्र झाकायचे हे भांडण इथेच मिटले.

७ मे. सामान

पुठ्ठा: तीन पदरी (दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी) कोरी शीट, ६२ सेंमी चौरस, ढालीला दोन. चार ढालींच्या आठ आणि चाचणीसाठी दोन, एकूण दहा. जुनी खोकी फुकट मिळतात, पण त्यांची घडी हमखास ढालीच्या मधोमध येते आणि पुढे तिथेच ढाल वाकते. म्हणून पॅकिंगच्या दुकानातून कोरी आणली. पाच पदरी पुठ्ठा फक्त आतल्या २८ सेंमीच्या चकतीसाठी. तो मुलांच्या कात्रीने कापत नाही.

बाकीचे: फेविकॉल २ किलो, मैदा १ किलो, तुरटी, खडूपूड १ किलो, वर्तमानपत्रांची रद्दी ३ किलो, खाकी कागद, पोस्टर रंग, दप्तराचा दीड इंची पट्टा सव्वादोन मीटर, ५ मिमीचे २५ मिमी लांब बोल्ट आणि डोम नट प्रत्येकी १६, २५ मिमी रुंद वायसर ३२, एम-सील, सुती कापड दोन मीटर. ड्रॉइंग पेपर आणि रंग खजुरी बाजारातून, बोल्ट-वायसर हार्डवेअरच्या दुकानातून. वायसर घेताना बोल्टचा आकार सांगितला की दुकानदार १० मिमीचे देतो. ते चालत नाहीत. रुंद मागून घ्यावे. का, ते २१ मेच्या नोंदीत आहे.

८ मे. चकत्या

दोरी-पेन्सिलने काढलेले वर्तुळ बंद होत नाही, दोरी ताणली जाते. पुठ्ठ्याची ३२ सेंमी लांब पट्टी घेऊन एका टोकाला टाचणी, आणि ७.५, १४, २६, ३० सेंमीवर पेन्सिलचे टोक जाईल एवढी भोके पाडली. एका टाचणीवर चारही वर्तुळे निघतात. चौरसाचे चार बिंदूही आत्ताच खुणावले.

प्रत्येक शीटवर नागमोडीच्या दिशेने बाण काढून घेतला. दोन थर एकमेकांवर चिकटवताना हे बाण काटकोनात यायला हवेत. दोन्ही बाण एकाच दिशेला ठेवून एक चाचणी चकती केली होती. ती हातात धरताच होडीसारखी मिटली.

९ मे. खोलगट करणे

सपाट चकती ढालीसारखी दिसत नाही आणि काठ धरून उचलली की लचकते. थोडी खोली आली की दोन्ही तक्रारी जातात.

रीत: काठापासून आत १४ सेंमीच्या वर्तुळापर्यंत आठ सरळ काप, म्हणजे प्रत्येकी १६ सेंमी लांब. कापाच्या एका बाजूची कड दुसरीवर चढवायची. काठाशी १ सेंमी, आत येत येत शून्य. फेविकॉल, वर कागदी टेप, काठाला कपडे वाळवायचे चिमटे, चाळीस मिनिटे. आठ कापांत परिघ ८ सेंमीने कमी होतो, व्यास ६० वरून साडेसत्तावन्नवर येतो आणि मध्य साधारण ६ सेंमी वर उचलला जातो. चढ दीड सेंमी ठेवला तर ताट न होता टोपली होते.

दुसऱ्या थराचे काप पहिल्याच्या कापांच्या बरोबर मधे, साडेबावीस अंश सरकवून. नाहीतर चढाचे उंचवटे एकावर एक येतात आणि पुढे कितीही कागद लावला तरी लपत नाहीत. दोन थर चिकटवताना आत बादली उलटी ठेवून वर पुस्तकांचे वजन. काठाला पुन्हा चिमटे.

१० मे

कान्ह गटाच्या पहिल्या थरात दोन कापांच्या कडा उलट दिशेने चढल्या. शेजारच्या दोन्ही कडा खाली गेल्याने मधली पाकळी इतरांपेक्षा उंच राहिली. टेप ओली करून उकलली, कड पुन्हा बसवली. ‘प्रत्येक वेळी उजवी कड वर’ असे चारही टेबलांवर लिहून ठेवले.

१२ मे. खळ आणि कागद

खळीचे प्रमाण: मैदा १ वाटी, थंड पाणी १ वाटी, गुठळ्या मोडून एकजीव, मग ४ वाट्या उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळणे. उतरवल्यावर तुरटीची पूड १ चमचा. तिने बुरशी लांबते. पुस्तकबांधणीच्या जुन्या खळीत मोरचूद घालत असत. ते विष आहे. जिथे मुले खळीत हात घालून काम करणार तिथे त्याचे नाव नको. उरलेली खळ दुसऱ्या दिवशी आंबली की टाकून द्यायची.

खळ लावण्याआधी ढालीला दोन्ही बाजूंनी पातळ फेविकॉलचा (१ भाग फेविकॉल, २ भाग पाणी) हात. ही पायरी गाळू नये. पुठ्ठ्याचे पदर बहुधा स्टार्चच्याच गोंदाने जोडलेले असतात; ओली खळ थेट लागली की पदर सुटतात आणि फुगे येतात.

कागदाच्या पट्ट्या ३ सेंमी रुंद, १० ते १२ सेंमी लांब. कापायच्या नाहीत, फाडायच्या: फाटलेली कड झिरझिरीत असते म्हणून जोड दिसत नाही. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते, दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे; सरळ फाटते ती दिशा धरावी. एक थर वर्तमानपत्र, दुसरा खाकी, तिसरा पुन्हा वर्तमानपत्र. रंग बदलल्यामुळे कुठे थर राहून गेला ते लांबूनही दिसते. आतल्या बाजूलाही दोन थर. फक्त बाहेरून लावले तर वाळताना कागद आकसतो आणि ढाल एकीकडे ओढली जाते.

पट्टी दोन बोटांत धरून जास्तीची खळ निपटून काढायला शिकवणे हेच या दिवसाचे मुख्य काम. मुलांना खळ जितकी जास्त तितके मजबूत वाटते. उलट आहे.

१३ मे. फुलांचा लगदा

फुले आत्ताच करायला घेतली, कारण ती वाळायला सर्वात जास्त दिवस घेतात. लागणार १६, केली २०.

अंड्यांचे तीन कागदी ट्रे रात्रभर भिजवून, जुन्या मिक्सरमधून (जो परत स्वयंपाकात जाणार नाही) काढून, पंचात पिळून. त्यात खडूपूड १५० ग्रॅम, फेविकॉल १५० ग्रॅम. पोळीच्या कणकेइतके घट्ट. ज्या घरांत अंड्याचा ट्रे येत नाही तिथल्या मुलांनी रद्दी आणली. वर्तमानपत्राचा लगदा थोडा काळपट होतो, पण ताकदीत फरक नाही.

सात सेंमी तोंडाच्या उथळ वाटीत प्लॅस्टिकची पिशवी अंथरून लगदा दाबायचा, सपाट बाजूच्या मधे पाण्याच्या बाटलीचे झाकण ८ मिमी दाबून काढून घ्यायचे. त्या खळग्यात बोल्टचे डोके आणि वायसर बसतात. खळगा विसरलेले फूल नंतर टेकतच नाही, आणि वाळलेला लगदा कोरणे फार कष्टाचे.

१५ मे. वाळणे

मेमधल्या इंदूरच्या उन्हात ढाली तासाभरात वाळतील म्हणून क्षिप्रा गटाची ढाल गच्चीवर ठेवली गेली. वाळली, पण वरची बाजू आधी. काठ दोन ठिकाणी दीड-दीड सेंमी वर उचलला. ओल्या फडक्याने आतून दमट करून बादलीवर वजनाखाली रात्रभर ठेवली, तेव्हा बरीचशी बसली. बाकीच्या तीन सावलीत, दोरीवर उभ्या टांगून, पंख्याखाली.

आणि कूलरसमोर ठेवायचे नाही. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळूनच. त्याच्या झोतात ठेवलेली फुले दुसऱ्या दिवशीही बोटाला ओली लागत होती. पंख्याखालची ढाल दीड दिवसात वाळली, फुलांना पाच दिवस लागले. वाळताना फूल ७ वरून ६.६ सेंमीवर येते, हिशेबात धरावे.

१९ मे. पांढरा हात

खडूपूड २ भाग, फेविकॉल १, पाणी १. दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. वाळल्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने. खडूची धूळ उडते, त्यामुळे तोंडाला रुमाल आणि काम बाहेर. जाड एकच हात दिला तर तडे जातात.

२० मे. पाकळ्या बसेनात

ढालीवर थेट रंगवायचे नाही हे आधीच ठरले होते. घेर १८० सेंमी, मुले आठ. प्रत्येकाच्या वाट्याला साडेबावीस सेंमी येतात. एवढ्यात कोपरे लागतात, रंग सांडतो. म्हणून प्रत्येकाने आपली पाकळी ड्रॉइंग पेपरवर रंगवायची आणि मग चिकटवायची.

ताईंनी नमुन्याच्या पाकळ्या सपाट चकतीच्या मापावरून कापल्या: बाहेरची कड २०.४ सेंमी. ढालीवर लावून पाहिल्या तर शेवटची पाकळी शिरेना. कारण साधे आहे. ढाल खोलगट करताना काठाचा परिघ कमी झाला. २६ सेंमीच्या वर्तुळावर प्रत्येक पाकळीमागे साडेसात मिमी गेले. आठांचे मिळून ६ सेंमी.

उपाय: तयार ढालीवर रेषा नव्याने आखून, वर्तमानपत्र दाबून, कडा बोटाने घासून त्यावरून नमुना काढणे. प्रत्येक ढालीचा नमुना वेगळा, पाकळीवर क्रमांक. चढाची जागा हातानेच ठरते, त्यामुळे दोन ढाली सारख्या नसतात. रंगवण्याआधी हे लक्षात आले म्हणून फक्त कागद वाया गेला.

चित्रांचे विषय गटांनी ठरवले, अट एवढीच की खूण लांबून ओळखू यावी. मधला सूर्य चारही ढालींवर: मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्या, टांकसाळीच्या होळकरी नाण्यांवर चेहऱ्याचा सूर्य असे. महेश्वरच्या नाण्यांवरून शिवलिंग आणि बेलाचे पान. पुढच्या तांब्याच्या नाण्यांवरून नंदी. राजवाडाही आला, सात मजल्यांचा, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. सातही मजले काढायला गेले की पाकळीत ओळखू येत नाही, दरवाजा आणि वरचे तीन पुरतात. रंगपंचमीची गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) एका पाकळीत मावत नाही, उडणारा रंग आणि डोकी एवढेच घ्यावे.

दिशेचा प्रश्न राहतो. सगळ्या चित्रांचे पाय मध्याकडे ठेवले तर खालची चित्रे उलटी दिसतात. म्हणून माणसे, प्राणी, इमारती वरच्या पाच पाकळ्यांत. खालच्या तिनांत बेलपान, नर्मदेच्या लाटा, फुले, म्हणजे ज्यांना वर-खाली नाही ते.

पोस्टर रंगात प्रत्येक झाकणभर रंगाला फेविकॉलचे तीन-चार थेंब. नुसता पोस्टर रंग वाळला तरी ओल्या बोटाला परत येतो.

२१ मे. मुठीची चाचणी

चाचणी चकतीवर, पट्ट्याला गव्हाची पिशवी टांगून.

फक्त फेविकॉल: २ किलोला चौथ्या मिनिटाला सुटला. गोंद सुटला नव्हता. पुठ्ठ्याचा वरचा कागदच सोलून पट्ट्याबरोबर आला. तेव्हा जास्त चांगला गोंद हा उपाय नव्हे.
पितळी दुपायी पिना: भोक लांबट होऊन पाय निसटले.
बोल्ट, वायसर न लावता: २ किलो धरले, ३ ला डोके पुठ्ठ्यात बुडाले.
बोल्ट, दोन्ही बाजूंना २५ मिमी वायसर, आत पाच पदरी चकती: ५ किलो दहा मिनिटे, काही हलले नाही.

बोल्टचे डोके ९ मिमीचे, वायसर २५ चा. पुठ्ठ्यावर टेकणारी जागा साडेसात पटीहून जास्त होते. जुन्या ढालीवर रिव्हिटच्या डोक्याखाली पसरट धातूचे फूल असते ते याच कामाचे. मुलांना दोन्ही चकत्या हातात देऊन ओढायला लावले. समजावून सांगावे लागले नाही.

२३ मे. पट्टे

आत २८ सेंमीची पाच पदरी चकती फेविकॉलने चिकटवून एक रात्र वजनाखाली. दोन पट्टे, एकमेकांना समांतर, १६ सेंमी अंतरावर. मुठीच्या पट्ट्याची बोल्ट ते बोल्ट लांबी १९ सेंमी, कोपराकडच्याची २१. दोन्ही टोकांना ३-३ सेंमी दुमड. म्हणजे कापायचे २५ आणि २७. मुठीला सुमारे ४ सेंमी आणि हाताला साडेपाच सेंमी जागा मिळते, दहा वर्षांच्या मुलाला नेमकी. पट्ट्याची कापलेली टोके मेणबत्तीवर धरून कड बंद करणे आणि तापवलेल्या दाभणाने भोके पाडणे ही दोन्ही कामे मोठ्यांची.

बोल्ट घालण्याआधी आतल्या बाजूला ‘वर’ असे लिहावे. चंबळ गटात लिहिले नव्हते आणि ढाल डाव्या हातात घेतली की सूर्याची हनुवटी वर आली. पट्टे अर्ध्या फेरीने फिरवून पुन्हा बसवले. पाकळ्या अजून चिकटवायच्या होत्या म्हणून निभावले.

डोके बाहेर, नट आत. साधा नट मनगटाला बोचतो, म्हणून डोम नट. नट पुढे कधी सैल झाला तर आतून आवळता येतो, पण तेव्हा फुलाखाली डोके फिरत राहील. म्हणून डोके आणि वायसर एम-सीलने जागीच पक्के केले.

२६ मे. पाकळ्या आणि फुले

गोंद ढालीला लावायचा, कागदाला नाही. कागदाला लावला की तो फुगतो. २० सेंमीच्या पाकळीत २ मिमी वाढ मोजली, तेवढ्याने शेजारच्या रेषेवर चढते. घट्ट फेविकॉल, पातळ हात, मधून बाहेर कोरड्या फडक्याने दाबत. समोरासमोरच्या पाकळ्या आधी (१ आणि ५, ३ आणि ७), मग मधल्या. एकाच दिशेने लावत गेले की सगळी चूक शेवटच्या मुलाच्या वाट्याला येते.

बोल्टच्या डोक्याशी पाकळीचा कोपरा टोचतो. तिथे कागद चौकडीने चिरून घ्यावा. त्यावर फूल, खळग्यात एम-सीलची गोळी आणि कडेला फेविकॉल. फुले आधीच रंगवलेली, सोनेरी.

२८ मे. काठ

पुठ्ठ्याची उघडी कड झाकायला कापड. सरळ कापलेली पट्टी गोल काठावर चुण्या पाडते. उरेब (तिरकी कापलेली) पट्टी ताणून बसते. ६ सेंमी रुंद, जोडून १८६ सेंमी लांब, दोन्ही कडा दुमडून काठावर दीड-दीड सेंमी दोन्हीकडे. पट्टीला खळ, फेविकॉल नको: फेविकॉल सुती कापडातून वर येऊन चकचकीत डाग सोडतो.

कापड आणि पाकळ्या यांच्यामधली अडीच सेंमीची गोल पट्टी महेश्वरी साडीच्या काठासाठी ठेवली होती. खोडरबर कोरून शिक्के: रेवाला लहर, क्षिप्राला चटई, चंबळला वीट, कान्हला चमेली. शिक्का ४ सेंमी लांब, घेर १६४.६ सेंमी, ४१ शिक्के बसतात आणि ६ मिमी उरतात. वरून दोन्ही बाजूंनी खाली येत मारले, म्हणजे उरलेले ६ मिमी तळाशी जातात, जिथे कुणी पाहत नाही. आधी कोऱ्या कागदावर दहा शिक्के मारून घ्यावेत. खोडरबर पहिले तीन-चार ठसे अर्धवट देतो.

३० मे. वजन आणि टांगणी

रेवा ७१०, क्षिप्रा ७४०, चंबळ ७००, कान्ह ७८० ग्रॅम. कान्हची जास्त आहे, त्यांच्या पट्ट्यांवर खळ निपटलेली नव्हती. क्षिप्राचा काठ अजून ४ मिमी उचललेला आहे, समोरून दिसत नाही.

भिंतीवर टांगताना मुठीच्या पट्ट्याला खिळा लावू नये, ढाल पुढे झुकते. वरच्या दोन बोल्टच्या नटांखाली नायलॉनची दोरी अडकवून त्रिकोण करावा. मांडणीनंतर ढाली एकावर एक रचायच्या नाहीत. फुले खालच्या ढालीच्या सूर्यात रुततात. उभ्या, मधे जुनी चादर, आणि पावसाळ्यात जमिनीपासून वर. उरलेली चार फुले आणि प्रत्येक ढालीचा पाकळीचा नमुना एका पाकिटात घालून रेवाच्या आत चिकटवला आहे, दुरुस्तीला लागतील.

३१ मे

मांडणी सकाळी नऊला. दुपारी चंबळचे एक फूल निघाले, खळगा उथळ होता. बोल्ट जागेवर, पट्टा घट्ट. सुटे फूल बसवले.